देहू ते एरंडवणे: विमानांच्या मागावर

इंद्रायणीकाठच्या या टापूत कारखान्यांची धुराडी येण्याच्या कितीतरी आधीपासून दोन कथा सांगितल्या जातात. एक देहूची. फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा विमानात बसून वैकुंठाला गेले. दुसरी आळंदीची. चांगदेव वाघावर बसून येत आहेत असं कळल्यावर ज्ञानदेव भावंडांसह ज्या भिंतीवर बसले होते ती भिंतच त्यांना सामोरी गेली. एकीत विमान उडतं, दुसरीत भिंत चालते. आणि ज्या मातीत या कथा रुजल्या, तिथेच पुढे स्कूटर, रिक्षा, ट्रक आणि मोटारी घडवणारी देशातली एक मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली.

निगडी-आकुर्डीच्या कामगार वस्तीत वाढलेल्या आमच्या पिढीला विमान तीन ठिकाणी भेटलं. पहिलं घरातल्या कॅलेंडरवर, तुकोबांचं. दुसरं आकाशात, खिडक्यांच्या काचा थरथरवत जाणारं, लोहगावच्या वायुदल तळाचं. तिसरं पुण्यातल्या बागेत, हात लावता येईल असं. लहानपणी रविवारी बाबांचं बोट धरून पाहिलेल्या या जागा आता एका सलग वाटेने पुन्हा बघाव्यात असं फार मनात होतं. बाबाही सोबत आले. भोसरीच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये फिटर म्हणून त्यांची नोकरी झाली. डाय, जिग, फिक्श्चर यांत हात मुरलेला. या वाटेवर मला जे दिसलं, त्यातलं बरंचसं त्यांनी बोट ठेवून दाखवलेलं आहे.

सुरुवात देहूतूनच केली. गावाबाहेरच्या वैकुंठस्थानी नांदुरकीचं झाड आहे. बीजेच्या दिवशी भर दुपारी बाराला ते हलतं अशी श्रद्धा आहे आणि ते पाहायला लाखोंची गर्दी लोटते. आम्ही गेलो तो साधा दिवस होता. पारावर दोन म्हातारे वारकरी बसले होते, पलीकडे इंद्रायणी. आम्ही लोहगावला निघालोय हे कळल्यावर त्यांतले एक आजोबा लगेच म्हणाले, “म्हणजे तुकोबांच्या आजोळी चालला.” लोहगाव हे कनकाईंचं, तुकोबांच्या आईचं माहेर. तुकोबा तिथे वरचेवर जात, कीर्तन करत, आणि त्या गावाने त्यांच्यावर जीव लावला. वायुदलाच्या तळाचं गाव म्हणून जे नाव मी लहानपणापासून ऐकत आले, ते या आजोबांच्या तोंडी नातलगाच्या गावासारखं आलं. देहूहून लोहगावला जाणारी वाट विमानांच्या आधी तुकोबांची आहे, ही गोष्ट मग दिवसभर माझ्यासोबत राहिली.

देहूतून आम्ही सरळ आळंदी गाठली नाही. खालुंब्रे, महाळुंगे करत चाकणच्या बाजूने वळसा घेतला. तळेगाव-चाकण रस्त्यावर दोन काळ एकमेकांना खेटून उभे आहेत. एका बाजूला कंटेनरच्या रांगा आणि निळ्या पत्र्यांच्या शेडी, दुसऱ्या बाजूला कांद्याचे वाफे. चाकणच्या बाजारात कांद्याची उलाढाल मोठी, त्या नावावर हे गाव महाराष्ट्रभर ओळखलं जायचं. त्याआधी ओळख होती ती संग्रामदुर्गाची. १६६० मध्ये शाइस्तेखानाच्या प्रचंड फौजेसमोर फिरंगोजी नरसाळ्यांनी हा छोटासा भुईकोट दोन महिन्यांच्या आसपास लढवला. आता फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा, बजाज यांच्या पाट्या लागतात आणि किल्ल्याची तटबंदी विचारत विचारत शोधावी लागते.

विमानांच्या शोधात निघालेल्या माणसाने चाकणला थांबायचं कारण वेगळं आहे. पुण्याचा नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ इथे होणार होता. गेल्या शतकाच्या अखेरीपासून त्याची चर्चा सुरू होती. आम्ही शाळेत असताना “आपल्याकडे विमानतळ येणार” हे वाक्य वस्तीत कुणीही कुणालाही सांगायचं. जमिनी द्यायला शेतकऱ्यांचा विरोध झाला, जागा बदलत राजगुरुनगरच्या बाजूला सरकली, आणि २०१६ मध्ये प्रकल्प पुरंदर तालुक्यात गेला. आता तोच प्रश्न तिथल्या अंजीर-सीताफळाच्या बागांपुढे आहे. चहाच्या टपरीवर एका शेतकऱ्याशी बोलणं झालं. विमानतळ गेला याचं त्यांना दुःख नव्हतं आणि आनंदही फारसा नव्हता. कारखान्यांनी घेतलेल्या जमिनीचे पैसे एका पिढीत संपतात, राहिलेल्या जमिनीवर घर चालतं, एवढंच ते शांतपणे म्हणाले.

विमानतळ आला नाही, पण विमानं चाकणला वेगळ्या रीतीने आली आहेत. १४ फेब्रुवारी २०१५ रोजी इथे जीई कंपनीच्या कारखान्याचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं. एकाच छताखाली अनेक प्रकारची उत्पादनं काढणारा हा कारखाना लीप या जेट इंजिनाचे सुटे भाग बनवतो. एअरबस आणि बोइंगच्या नव्या प्रवासी विमानांना हे इंजिन लागतं. म्हणजे मुंबई-दिल्ली विमानात खिडकीशी बसलेल्या माणसाला पंखाखाली जे इंजिन दिसतं, त्यात चाकणच्या एखाद्या मुलाचा हात असू शकतो.

बाबांनी यावर जे सांगितलं ते मला नवीन होतं. “मापाचं आपल्याला काही वाटत नाही गं. मायक्रॉनमध्ये काम आम्हीही केलं. विमानाच्या जॉबला कागद लागतो.” विमानाच्या प्रत्येक भागामागे त्याची जन्मकुंडली असते. धातू कुठल्या भट्टीतला, त्या ओतीचा क्रमांक काय, कुठल्या यंत्रावर कुणी कातला, उष्णता कितीला दिली, तपासला कुणी. वीस वर्षांनी एखादा भाग तुटला तर त्याच ओतीतले बाकीचे भाग कुठल्या विमानांत आहेत हे सापडलं पाहिजे. भोसरीतल्या चार लेथच्या वर्कशॉपला उत्तम जॉब काढता येतो, पण ही नोंदव्यवस्था आणि तिचं प्रमाणपत्र सांभाळणं परवडत नाही. कसब असूनही या भागातले कितीतरी छोटे कारखानदार विमान उद्योगाच्या दाराबाहेर का आहेत, याचं एक मोठं कारण मला टपरीवरच्या त्या बाकावर समजलं.

चाकणहून आळंदी. भिंतीचं दर्शन घेतलं, माउलींच्या समाधीला हात जोडले आणि दिघीच्या रस्त्याला लागलो. आषाढी वारीला निघालेली माउलींची पालखी याच रस्त्याने पुण्याला जाते. एरवी हा रस्ता लष्कराचा. दिघी, कळस, दापोडी, पलीकडे देहूरोड, सगळीकडे कुंपणं आणि पाट्या. औद्योगिक पट्टा येण्याच्या आधी इथे छावण्या आणि दारूगोळ्याची कोठारं होती. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, १९६६ मध्ये टेल्को आली, आणि मग पिंपरी-चिंचवडच्या गावांची नगरपालिका व १९८२ मध्ये महापालिका झाली. पण लष्कराच्या जमिनी जिथल्या तिथे राहिल्या. आजही शहराच्या अंगावर अचानक हिरवे, मोकळे तुकडे लागतात ते त्यामुळेच.

दिघीच्या टेकडीवर बाबा आम्हाला लहानपणी नेत. लोहगावची धावपट्टी जवळपास पूर्व-पश्चिम आहे. तिचा पश्चिमेकडचा मार्ग दिघी, दापोडी, पिंपळे गुरव यांच्या माथ्यावरून जातो. त्यामुळे विमान कुठल्या टोकाने उतरतंय यावरून वाऱ्याची दिशा कळते, कारण विमान नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उतरायचा प्रयत्न करतं. हे बाबांनी आम्हाला रुमाल वर धरून शिकवलं होतं. प्रवासी विमान संथपणे, चाकं काढून यायचं. लढाऊ विमान दिसायच्या आधी निघून गेलेलं असायचं आणि त्याचा आवाज मागून यायचा. या वेळी टेकडीवर काही शाळकरी मुलं होती. मोबाइलवर विमानाचा क्रमांक आणि कुठून आलं हे बघून एकमेकांना सांगत होती. आम्हाला हे काहीच माहीत नसायचं, तरी एकटक बघणं मात्र तेच होतं.

लोहगावचा तळ १९३९ चा, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावरचा. मुंबईच्या बंदराला आकाशातून संरक्षण हवं होतं आणि सह्याद्रीच्या पाठीशी हे सपाट पठार होतं. धावपट्टी एकच, अडीच किलोमीटरच्या आसपास, आणि ती वायुदलाची. नागरी विमानं तीच वापरतात. पुण्याहून विमान पकडणाऱ्या किती जणांच्या लक्षात येत असेल ठाऊक नाही, पण आपण वायुदलाच्या अंगणातून उडत असतो आणि त्यांच्या सरावाच्या वेळा सांभाळून आपली वेळापत्रकं बसवलेली असतात. १९८७ मध्ये मिग-२९ विमानं देशात आली ती आधी इथे. १९९७ मध्ये पहिली सुखोई इथेच दाखल झाली आणि २००२ मध्ये सुखोई-३० एमकेआयचं पहिलं पथकही. ८ जून २००६ रोजी राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी याच धावपट्टीवरून सुखोईतून भरारी घेतली. २५ नोव्हेंबर २००९ रोजी जळगाव जिल्ह्यातल्या, तेव्हा राष्ट्रपती असलेल्या प्रतिभाताई पाटील, वयाच्या ७४ व्या वर्षी, वैमानिकाचा पोशाख चढवून याच ठिकाणी सुखोईत बसल्या. आमच्या वस्तीतल्या बायकांनी तो फोटो वर्तमानपत्रातून कापून ठेवला होता, हे मला स्पष्ट आठवतं.

तळाच्या आत आपल्याला जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आम्ही गावात तुकोबांच्या मंदिरात गेलो. बाहेर पारावर बसलेलो असताना दोन सुखोई एकामागून एक वर गेल्या. देवळात चाललेला हरिपाठ क्षणभर ऐकू येईनासा झाला आणि आवाज विरला तेव्हा पुढच्या ओळीवर पोचलेला होता. गावकऱ्यांनी मान वर केली नाही. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने या विमानतळाला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचं नाव देण्याचा प्रस्ताव मंजूर केला. नामकरणांच्या वादात मला सहसा रस नसतो, पण हे नाव मला पटलं. ते वरून चिकटवलेलं नाही, त्या गावाचंच आहे.

लोहगावहून घोरपडीला. तिथलं लष्कराच्या दक्षिण मुख्यालयाचं राष्ट्रीय युद्धस्मारक १९९८ च्या स्वातंत्र्यदिनी खुलं झालं आणि ते नागरिकांच्या वर्गणीतून उभं राहिलं. आवारात मिग-२३ बीएन आहे, कारगिलच्या युद्धात वापरलेलं. या विमानाचे पंख उडता उडता पुढे-मागे होतात. उतरताना आणि उड्डाणाला पंख पसरलेले, कारण कमी वेगात वजन पेलायला लांब पंख लागतो. वेग घेताना तेच पंख मागे मिटतात, कारण तेव्हा हवेचा अडथळा कमी हवा. बाबा पंखाच्या मुळाशी उभे राहिले ते बराच वेळ हलेनात. पंखाचा सगळा भार एका खिळीवर घ्यायचा, ती खिळी फिरतीही ठेवायची, आणि हे आवाजाच्या वेगाच्या पुढे. “हा जॉब ज्याने काढला असेल ना,” एवढंच म्हणाले. ही विमानं २००९ च्या मार्चमध्ये वायुदलातून निवृत्त झाली. त्यांचं यंत्र अवघड, देखभाल जड, म्हणून पुढे जगभरच हलते पंख मागे पडले.

तिथून हडपसरचं ग्लायडिंग सेंटर. या प्रवासातली माझी सगळ्यात लाडकी जागा. १९५० मध्ये केंद्र सरकारच्या नागरी विमान वाहतूक खात्याने ते सुरू केलं. तेव्हा भोवती शेतं होती. आता मगरपट्टा आणि अमनोराच्या इमारती चहूबाजूंनी वाढल्या आहेत आणि मध्ये हे भलंमोठं गवताळ मैदान तसंच आहे. लहानपणी कुंपणाशी उभं राहून पाहिलेलं दृश्य असं होतं: मैदानाच्या एका टोकाला ग्लायडर, लांबलचक पंखांचा, एक पंख जमिनीला टेकलेला. दुसऱ्या टोकाला विंच, म्हणजे इंजिनावर फिरणारा मोठा रीळ. मधे तारेचा दोर. एक माणूस धावत पंख सावरायचा, झेंडी हलायची, विंच दोर गुंडाळायला लागायचा आणि ग्लायडर पतंगासारखा सरळ आकाशात चढायचा. माथ्यावर पोचल्यावर वैमानिक दोर सोडून द्यायचा. दोर छोट्या छत्रीसह डुलत खाली यायचा. आणि मग शांतता. लोहगावच्या आवाजाची सवय असलेल्या आम्हाला, एवढी मोठी वस्तू निःशब्द आकाशात फिरते याचं अप्रूप वाटायचं.

इंजिन नसलेलं विमान वर कसं राहतं, हे तिथल्या एका प्रशिक्षकांनी मला त्या वेळी घारी दाखवून समजावलं होतं. खरं तर ग्लायडर सतत खालीच येत असतो. एक मीटर खाली येताना वीस-पंचवीस मीटर पुढे जातो, एवढंच. पण उन्हाने नांगरलेली काळी जमीन, डांबर, पत्रे भोवतालापेक्षा जास्त तापतात, त्यांच्यावरची हवा हलकी होऊन खांबासारखी वर चढते. त्या खांबात शिरून गोल फिरत राहिलं की खाली येण्याच्या वेगापेक्षा वर नेणारा वेग जास्त होतो. घारी पंख न हलवता तेच करतात. जिथे घारी घिरट्या घालतात तिथे ग्लायडर न्यायचा. पुढे भूगोलात अभिसरण शिकवलं तेव्हा मला ते आधीच येत होतं, घारींकडून.

या छंदासाठी देशाने स्वतःचे ग्लायडरही बनवले. त्यातला रोहिणी १९६१ मध्ये पहिल्यांदा उडाला. लाकडी, शिकणारा आणि शिकवणारा शेजारी शेजारी बसतील असा. सुताराच्या हातचं काम आणि हवाई शास्त्र इतकं जवळ आलेलं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. विमानविद्या इथे सामान्य घरातल्या मुलाच्या आवाक्यात होती. म्हणून हडपसरचं मैदान टिकायला हवं. शहरात एवढी मोकळी जमीन दिसली की तिच्यावर किती नजरा असतात हे सांगायला नको.

शेवटचा मुक्काम एरंडवणे. प्रभात रस्त्याच्या परिसरातलं कमला नेहरू उद्यान. आमच्या लहानपणी पुण्याला जाणं म्हणजे सारसबाग, पेशवे पार्क आणि ही बाग. बागेचं आकर्षण एकच, तिथलं खरंखुरं लढाऊ विमान. ते एचएफ-२४ मरुत आहे हे मला फार नंतर कळलं आणि त्याची कहाणी वाचल्यावर मी थक्क झाले.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची फोके-वुल्फ १९० ही विमानं रेखणारे कुर्ट टँक १९५६ मध्ये भारतात आले आणि बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये भारतीय अभियंत्यांबरोबर त्यांनी हे विमान आखलं. सोव्हिएत संघ सोडला तर आशियात आखलेलं आणि प्रत्यक्ष सेवेत दाखल झालेलं हे पहिलं जेट लढाऊ विमान. आणि त्याची सुरुवात झाली ग्लायडरने. १९५९ मध्ये पूर्ण आकाराची लाकडी प्रतिकृती, इंजिनाशिवाय, डाकोटा विमानाने ओढून आकाशात नेली आणि सोडून दिली, आकार हवेत नीट वागतो का हे बघायला. हडपसरच्या मैदानावर जे पाहिलं तेच शास्त्र या लढाऊ विमानाच्या जन्माशी होतं. १७ जून १९६१ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी खऱ्या मरुतची पहिली भरारी घेतली. १९७० च्या जानेवारीत मरुतच्याच चाचणीत त्यांचा मृत्यू झाला. विमानाचा आराखडा आवाजाच्या दुप्पट वेगाचा होता, पण त्याला साजेसं इंजिन कधी मिळालं नाही. ब्रिटनमध्ये ज्या इंजिनाचं काम चालू होतं ते बंद पडलं. इजिप्तमध्ये तयार होणारं इंजिन एका मरुतला लावून १९६७ मध्ये तिथे उडवूनही पाहिलं, तेही पुढे गेलं नाही. अखेर ऑर्फियस या कमी ताकदीच्या दोन इंजिनांवर १४७ विमानं बनली. १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर त्यांनी चोख काम केलं.

बाबांनी विमानाच्या पोटावरून हात फिरवला. लहानपणी आम्हालाही त्यांनी हेच करायला लावलं होतं. पत्र्यावर रिव्हेटच्या रांगा दिसतात, पण हाताला लागत नाहीत. प्रत्येक रिव्हेटचं डोकं पत्र्यात बुडवून समतल केलेलं असतं, हवेला अडू नये म्हणून. असे हजारो. प्रत्येकामागे एक माणूस बाहेरून, एक आतून.

याच एरंडवण्यात, थोड्या अंतरावर प्रभात स्टुडिओ होता. १९३६ चा ‘संत तुकाराम’ तिथे चित्रित झाला. दामले आणि फत्तेलाल यांच्या त्या चित्रपटात विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा शेवटी आकाशात जातात. तुकोबांच्या विमानाचं चित्र अनेकांच्या मनात ठसलं ते त्या प्रसंगामुळे.

एवढं फिरल्यावर एक गोष्ट मला बोलून दाखवावीशी वाटते. गोव्यात दाबोळीला धावपट्टीच्या शेजारी १९९८ पासून नौदलाचं विमान संग्रहालय आहे. एकेकाळी एअर इंडियाकडे असलेलं सुपर कॉन्स्टेलेशन तिथे आहे, सी हॉक, आलिझे आहेत, त्यांची माहिती आहे. आपल्याकडे, जिथे हजारो हात धातू कातण्यात आणि जोडण्यात तरबेज आहेत, तिथे विमानं सुटी सुटी, उघड्यावर, ऊन-पाऊस खात उभी आहेत. अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखं गंजत नसलं तरी सांध्यांत पाणी मुरलं की तेही पोखरलं जातं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ विमानं वायुदलातून निवृत्त झाली. त्यांतली शेकडो विमानं नाशिकजवळच्या ओझरला, मराठी कामगारांच्या हातून तयार झाली. त्यांतलं एक तरी चिंचवडला यायला हवं. तिथे सायन्स पार्क आहे, ऑटो क्लस्टर आहे. छत असावं, पत्रा एका बाजूने उघडून आतले सांगाडे दाखवावेत, आणि माहिती सांगायला निवृत्त फिटर, टर्नर, वेल्डर बसवावेत. या शहरात त्यांची वाण नाही.

ते होईल तेव्हा होईल. तोवर मुलांना घेऊन घोरपडीला जा, एरंडवण्याला जा. घरात कारखान्यात आयुष्य घालवलेलं कुणी असेल तर त्यांना आवर्जून सोबत न्या आणि रिव्हेटवरून हात कसा फिरवायचा ते मुलांना त्यांच्याकडून शिकू द्या.